हात मांडीखाली

१९ जून २०२४

हर्षलच्या बँकेची डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडून होती. आजपासून तीत लिहायचं ठरवलं आहे. निम्मं वर्ष वाया गेलं, पण नवीन कामच जूनमध्ये मिळालं त्याला माझा इलाज नाही.

काम असं: उधन्यातल्या अकरा शाळांत फिरायचं, वर्गात मागे पडणारी मुलं हुडकायची, त्यांच्या अडचणीचा फॉर्म भरायचा, तपासणी शिबिराला न्यायचं आणि मग त्याच शाळेत ती टिकतील असं बघायचं. हुद्दा विशेष शिक्षिका, करार अकरा महिन्यांचा. नाशिकहून हर्षलशी लग्न होऊन सुरतेत आल्याला एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं शिक्षण माझ्या कामी येणार आहे. हर्षल म्हणाला, "आता घरीही फॉर्म भरून मग चहा मिळणार का?" मिळणार नाही म्हटलं, आधी मूल्यांकन.

२७ जून

मराठी माध्यमाची शाळा. तिसरीच्या वर्गशिक्षिका पुष्पाबाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. मी बसायच्या आत त्यांनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "ती बघा जागृती बोरसे. फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवून काढते, पण शुद्धलेखन घातलं की भोपळा. तीन वर्षं झाली, डोक्यात काही शिरत नाही."

मुलगी नऊ वर्षांची, काटक, डोळे मोठे. मी बोलत असताना सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. नाव विचारलं तर सांगितलं. काय जेवलीस विचारलं तर परत नाव सांगितलं. उच्चार बोबडे आहेत. आईवडील लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, खानदेशातले. घरी अहिराणी, म्हणजे भाषेचाही प्रश्न असणार. हे मी लक्षात ठेवलं आहे.

३ जुलै

जागृतीला आज तासभर घेऊन बसले. चित्रांचे तुकडे तिने माझ्याआधी जुळवले. तोंडी काही विचारलं की मात्र गोंधळ. मध्येच हातांचे चाळे सुरू करते. चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून दोन्ही हात झटकन दूर नेते, माझ्या पदराकडे बघत, पुन्हा पुन्हा. मी दोनदा हात धरून खाली ठेवले. लक्ष एका जागी राहत नाही असं टिपण केलं.

फॉर्म भरला. श्रवणाच्या रकान्यासाठी यंत्राने तपासणी करायची असते, पण यंत्र दोन महिने दुरुस्तीला गेलं आहे आणि आज एकट्या या शाळेतले चौदा फॉर्म होते. मी तिच्या पाठीमागून टेबलावर थाप मारली. त्याच टेबलावर कोपर टेकवून बसली होती, ताबडतोब वळली. 'सामान्य' वर खूण केली.

घरी आल्यावर दिसलं, साडीचा काठ कुठेतरी अडकून वीतभर उसवला होता. दिवसभर तशीच हिंडले, एकानेही सांगितलं नाही.

१९ जुलै

शिबिर. एका हॉलमध्ये सत्तर मुलं, दोन टेबलं. बुद्ध्यंकाची चाचणी घेणारे डॉक्टर म्हातारे गुजराती, आवाज असा की बाहेरच्या रांगेतलं मूलसुद्धा उत्तर देईल. मोडक्या मराठीत जागृतीवर जवळजवळ ओरडतच होते, आणि ती चक्क बोलत होती! बुद्ध्यंक सहासष्ट आला. म्हणजे सौम्य मतिमंदत्व. "कार्ड हमणां नहीं," ते म्हणाले, "छ महिना महेनत करो, पछी फरी जोईशुं." म्हणजे अपंगत्वाचं कार्ड एवढ्यात नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मला त्यांचं ओरडणं आवडलं नाही. लहान मुलांशी असं बोलतात? माझा आवाज वर्गात कधी चढला नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

सहा महिने मिळाले आहेत. ही मुलगी मी सोडणार नाही.

४ ऑगस्ट

रविवार असूनही तिच्या घरी जाऊन आले. एकच खोली, वर पत्रा, पण भांडी लखलखीत. वडील निंबा, आई कुसुम, आणि निंबाचा गाववाला बळीराम, तोही त्याच कारखान्यात. कुसुमही तिथेच सुताच्या कांड्या भरते. शाळा सुटली की जागृती थेट कारखान्यात जाते आणि अंधार पडेपर्यंत आईजवळ बसते.

आणि आवाज! साधं पाणी मागायचं तरी भांडण चाललंय असं वाटावं. निंबा ओरडतो, कुसुम ओरडते, आणि अर्ध्या गोष्टी तर बोलतच नाहीत, हातांनी दाखवतात. जागृतीने हनुवटीला दोन बोटं लावली की आईने पाणी द्यायचं. बळीरामने कोपऱ्यातून काहीतरी हातवारे केले, ती खुदकन हसली आणि धावत जाऊन त्याची तंबाखूची पुडी घेऊन आली. एक अक्षर नाही. मग मूल बोलेल कशाला? न बोलता सगळं मिळतंय.

मी निंबाला समजावून सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, आम्हले काय समजस? तुम्ही सांगशात तसं करसूत."

चार गोष्टी वहीच्या पानावर लिहून दिल्या. मुलीवर ओरडायचं नाही, हळू बोलायचं. हातवारे बंद. तोंडाने मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. कारखान्यात न्यायचं नाही, शाळेनंतर शेजारी ठेवायचं. आणि हात चाळवायला लागली की तिला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसवायचं. म्हणजे पाच झाल्या.

कुसुमला वाचता येत नाही. निंबाने पान वाचून दाखवलं आणि देवाच्या फोटोखाली चिकटवलं. मला भरून आलं.

२ सप्टेंबर

फरक पडतो आहे. वर्गात हातांचे चाळे जवळजवळ बंद. पुष्पाबाईंनी नुसतं बघितलं की आपण होऊन हात मांडीखाली घेते. त्या मला म्हणाल्या, "नीलाबाई, तुम्ही जादू केलीत." जादू कसली, सातत्य आहे.

निंबा शब्दाचा पक्का. त्याने सबंध चाळीला बजावलं आहे की जागृतीशी खुणा करायच्या नाहीत. बळीराम विसरून हात करायला गेला तर म्हणे त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

२५ सप्टेंबर

नवीन विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला एक व्याख्यान द्यायचं आहे, फेब्रुवारीत. विषय: अपंग विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनाचा इतिहास आणि कायदा. हर्षल म्हणाला, "म्हणजे तू आता साहेब झालीस." वाचायला आत्तापासूनच बसले आहे.

किती अन्याय झालेत! १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी निघाली ती शाळेत कोणाला मदत लागेल हे कळावं म्हणून, कोणाला काढून टाकावं म्हणून नव्हे. पुढे अमेरिकेत तीच चाचणी बोटीतून उतरलेल्या परक्या माणसांना दिली, दमलेल्या, भाषा न समजणाऱ्या, आणि त्यांच्यावर मंदबुद्धी असा शिक्का मारला. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची इंग्रजीतून चाचणी घेतली म्हणून पालक कोर्टात गेले. त्यांच्या भाषेत पुन्हा तपासलं तेव्हा बहुतेक मुलं अगदी व्यवस्थित निघाली. वाचताना चीड येते. समोर बसलेल्या मुलाकडे एकानेही नीट बघितलं नसेल का?

८ ऑक्टोबर

जागृती वाळली आहे. गेल्या आठवड्यात कुसुम शाळेच्या फाटकाशी भेटली, म्हणाली, "मॅडम, पोर जेवाले मांगत नही. मी वाट देखस, ती तोंड देखस. मंग तशीच झोपी जास." मी सांगितलं की हा काळ कठीण असतो, माघार घेतलीत तर सगळं पाण्यात जाईल. तिने मान डोलावली. पण खरं सांगायचं तर मला रात्रभर बरं वाटलं नाही. एका मुलीला उपाशी ठेवायला मी सांगते आहे का? पुस्तकात याला प्रतिसादाची वाट पाहणे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी डब्यात दोन पुरणपोळ्या जास्तीच्या नेल्या आणि तिला तोंडाने न मागताच दिल्या. हे कोणाला सांगितलेलं नाही.

२२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. बोरसे कुटुंब गावी गेलं नाही. जागृती आता बाकावर शांत बसते. बोबडं बोलायची तेही थांबलं आहे. शाळेत दंगा नाही, त्रास नाही. पुष्पाबाई खूश आहेत. मी खूश व्हायला हवं.

१८ डिसेंबर

दुसरं शिबिर. जुने डॉक्टर आजारी, त्यांच्या जागी एक तरुण बाई. फार सभ्य, आवाज मऊ, सर्दी होती म्हणून तोंडाला मास्क. त्यांनी माझा फॉर्म वरून खाली वाचला, श्रवण सामान्य, दृष्टी सामान्य, आणि चाचणी सुरू केली. जागृती हात मांडीखाली घेऊन बसून राहिली. अठरा प्रश्न, अठरा वेळा 'प्रतिसाद नाही'. तुकडे जुळवायला दिले तर तिने माझ्याकडे बघितलं, पण हात काढले नाहीत.

बुद्ध्यंक चव्वेचाळीस. मध्यम. पंचाहत्तर टक्के अपंगत्व.

सहासष्टावरून चव्वेचाळीस, आणि मधले पाच महिने माझे. डॉक्टरबाई म्हणाल्या की पहिली मोजणीच चुकीची असेल, जुने लोक मदत करतात, ओरडून उत्तर काढून घेतात. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

९ जानेवारी २०२५

कार्ड आलं. मुख्याध्यापकांच्या मते तिला बारडोलीजवळच्या निवासी विशेष शाळेत पाठवावं. मी म्हटलं की कायद्याने आपण तिला नाकारू शकत नाही. ते म्हणाले, "नाकारतोय कोण? पालकांनी अर्ज दिला तर?"

निंबाने मला एकच विचारलं: "मॅडम, तुम्हनी पोर ऱ्हाती तं काय करतात?" मी विचार करून खरं उत्तर दिलं. तिथे तिच्यासारखी मुलं आहेत, तज्ज्ञ आहेत, मी पाठवलं असतं. त्याने सही केली. कुसुमने अंगठा उमटवताना माझ्याकडे बघितलं नाही.

तिथल्या गृहमातेला मी जागृतीच्या सवयींचं एक पान लिहून पाठवलं आहे, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

२० जानेवारी

जागृती गेली. रिक्षात बसताना निंबाने हात वर उचलला आणि मधेच खाली घेतला. मी तिथे उभी होते म्हणून.

११ फेब्रुवारी

व्याख्यान झालं. साठ जण होते. पॅरिसपासून २०१६ च्या आपल्या कायद्यापर्यंत सगळं मांडलं. शेवटी म्हटलं, "मुलाच्या भाषेत, मुलाच्या पद्धतीने विचारा; कान आणि डोळे आधी तपासा; एका आकड्यावर मुलाचं आयुष्य टांगू नका." टाळ्या पडल्या. आमचे कोऑर्डिनेटर म्हणाले, करार वाढल्यातच जमा समजा.

१३ फेब्रुवारी

लिहिता येत नाही, पण लिहिते.

जागृतीच्या प्रवास सवलतीच्या फॉर्मवर निंबाची सही हवी होती. दिवसपाळी चालू होती, म्हणून कारखान्यातच गेले. एवढ्या वर्षांत उधन्यातून रोज जाते, पण आत पाय ठेवला नव्हता.

आवाज कानात येत नाही, छातीत येतो. शंभरेक लूम एकदम. मी दारातून "निंबाभाऊ" म्हणून हाक मारली, माझी मलाच ऐकू आली नाही. त्याने लांबून मला पाहिलं, हाताने काहीतरी विचारलं. मला समजलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, वेगळ्या प्रकारे. मी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एक पोरगेला कारीगर माझ्याकडे बघून हसला आणि दुसऱ्याला कपाळाशी बोट फिरवून दाखवलं.

मग बळीरामने, दोन ओळी पलीकडून, चिमटीत काही धरल्यासारखं करून दोन्ही हात झटकन दूर नेले. निंबाने वळून आपला लूम थांबवला, वाकला आणि तुटलेला धागा जोडला.

तीच खूण. जुलैमधली. माझ्या उसवलेल्या काठाकडे बघून ती मुलगी पुन्हा पुन्हा मला सांगत होती, धागा तुटलाय, धागा तुटलाय. आणि मी तिचे हात धरून खाली ठेवले होते.

निंबाला बाहेर बोलावलं. मी विचारलं, हे काय होतं? तो कानाशी हात नेऊन मोठ्याने म्हणाला, "मोठ्यानं बोला मॅडम, आम्हना समदासना कान गयात. ही कारखान्यानी बोली शे. जागृती आम्हनापेक्षा भारी बोले. तिले कोनी शिकाडं नही, देखी देखी शिकनी."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

तो गोंधळला. "तुम्हीच तं बंद कराले सांगं ना."

घरात सगळेच ओरडतात म्हणून तिला ऐकू यायचं. सगळेच हातांनी बोलतात म्हणून तिचं काही अडायचं नाही. तिथे कोणाला कळणार की तिला ऐकू येत नाही? कळायला हवं होतं ते मला. ती माझी नोकरी होती.

हर्षलला सांगितलं. तो म्हणाला, "तू मुद्दाम केलं नाहीस." मला त्याचा राग आला. बोटीवरून उतरणाऱ्यांना तपासणाऱ्यांनी तरी कुठे मुद्दाम केलं होतं?

१७ फेब्रुवारी

एका ट्रस्टच्या दवाखान्यात पैसे भरून कानाची तपासणी करून घेतली. निंबा तिला दोन दिवसांसाठी घेऊन आला होता. दोन्ही कान, तीव्र बधिरता, बहुधा जन्मापासून. यंत्र लावलं तर बरंच ऐकू येईल असं ते म्हणाले, पण लवकर लावायला हवं होतं. दवाखान्यात ती माझ्या शेजारी दोन तास बसली. मी तिच्याशी बोलले नाही. कसं बोलायचं ते माहीत नव्हतं.

२१ फेब्रुवारी

कार्डाविरुद्ध अपील करता येतं, कायद्यात सोय आहे, मीच सगळ्यांना शिकवलं. पण अपिलाला कारण हवं, आणि कारण एकच आहे: श्रवणाच्या रकान्यातली खूण तपासणी न करता केली होती. ते लिहून देणारी व्यक्तीही एकच आहे.

कोऑर्डिनेटर म्हणाले, "नीलाबेन, कार्ड आहे तर आहे. सवलती मिळतायत, राहणं-खाणं मिळतंय. कशाला उकरता? अकरा शाळांतले तुमचे सगळे फॉर्म तपासायला काढतील." मी विचारलं, मग काढायला नकोत का? ते घड्याळाकडे बघायला लागले.

खरं सांगते, घरी येऊन रडले ती जागृतीसाठी नाही. अकरा महिन्यांतले आठ सरले होते आणि करार पक्का झाला होता, त्यासाठी रडले. हे लिहून ठेवलं पाहिजे.

२४ फेब्रुवारी

निवेदन दिलं. तीन ओळींचं आहे. पोच घेतली.

१२ मार्च

माझा करार वाढणार नाही. अपिलाची तारीख जूनमधली. तोवर कार्ड तेच, शाळाही तीच. जुन्या शाळेत विचारलं तर मुख्याध्यापक म्हणाले की परीक्षा तोंडावर आहेत, जूनमध्येच बघू. पुष्पाबाई मान खाली घालून वह्या तपासत राहिल्या.

१६ मार्च

आज निंबा, कुसुम आणि मी बारडोलीला गेलो. बसमध्ये कुसुमने पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलणं काढलं. पदराआडून तिने मला खुणा शिकवल्या. पाणी. भाकरी. ये. थांब. मशीन बंद कर. मी चुकले की माझी बोटं धरून नीट करायची. रागावली असती तर बरं झालं असतं.

शाळा स्वच्छ आहे, हे खोटं बोलणार नाही. व्हरांड्यात सतरंजीवर मुलं ओळीने बसली होती. काही डुलत होती, एक सारखा ओरडत होता. जागृती टोकाला, भिंतीला पाठ लावून. गृहमाता मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "बहु डाही छोकरी छे, बेन. हाथ तो हलावे ज नहीं. तमे जे लखी मोकल्युं हतुं ने, ए ज चालु राख्युं छे." म्हणजे मी लिहून पाठवलेलं पान इथेही चालूच होतं.

निंबाने फाटकातूनच दोन्ही हात वर करून खूण केली. ये, भाकरी आणली. आता खुणा करा असं मी सकाळीच सांगितलं होतं. सात महिन्यांनी पहिल्यांदा. तिने पाहिलं. तिचे डोळे त्याच्या हातांवर गेले आणि खांदे हलले, आता हात बाहेर येणार असं वाटलं. मग तिची नजर त्याच्या मागे उभ्या असलेल्या माझ्यावर गेली, आणि तिने हात आणखी खोल मांडीखाली सरकवले.

कुसुम तिच्यासमोर बसली. पाणी, भाकरी, ये, सगळं करून झालं. जागृती माझ्याकडेच बघत होती. परवानगीसाठी बघत असावी.

निंबा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हना धाकमा शे ती. तुम्हीच सांगा ना तिले, हात काढ म्हनीसन."

बसमध्ये शिकलेल्यांत ती खूण नव्हती. कुसुमला विचारलं, तर तिने मान हलवली. कारखान्यात कोणी कोणाला हात काढ म्हणत नाही, तिथे सगळ्यांचे हात बाहेरच असतात. मी जागृतीसमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, "काढ बाळा हात, आता चालेल." माझ्या नेहमीच्या, हळू आवाजात.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.